दोन दोर वर, एक दोर खाली

विमल,

हे नाव मी आजवर तोंडाने घेतलं नाही. घरात तुला सगळे पारोळेवाली म्हणत, आणि मी तर तेही म्हणत नव्हतो. जेठाने धाकट्या भावाच्या बायकोचं नाव घेऊ नये. तिने जेठासमोर पदर मागे सारू नये, त्याच्याशी थेट बोलू नये. हातातली वस्तू हातात देऊ नये, खाली ठेवावी, आणि दुसऱ्याने दोन पावलं मागे सरकल्यावर उचलावी. तू लग्न होऊन आलीस तेव्हापासून आपण दोघांनी ही रीत पाळली. तुझं नाव लिहिलेलं मी एकदाच पाहिलं, एका कागदाच्या शेवटी. त्या कागदाबद्दलच हे लिहितो आहे.

परवा तुझा दहावा झाला. उद्या तेरावा, गंधमुक्ती. अंगणात मांडव घातला आहे, पाचोऱ्याहून, भडगावहून माणसं येतील. जेवणाआधी दोन शब्द बोलायची पद्धत आहे आणि घरातला वडील म्हणून मलाच उभं करतील. गावात मी इतक्या गंधमुक्तींना बोललो आहे की लोकांना माझी वाक्यं पाठ आहेत. मनमिळाऊ होती, आल्यागेल्याचं करायची, घराचा आधार गेला. माणूस बदलतं, वाक्यं तीच राहतात. उद्या ती वाक्यं माझ्याच्याने निघणार नाहीत. म्हणून लिहून नेणार आहे. आता उभं राहून फार वेळ बोलवतही नाही.

कुठून सुरू करू? नदीपासूनच करतो.

आपल्या गावाला पाणी गिरणेच्या वाळूतलं. होळी झाली की धार पार पलीकडच्या काठाला जायची, मग तीही आटायची, आणि बाया वळणावरच्या वाळूत झिरे करायच्या. हातभर खोल खड्डा, तळाशी करवंटीने हळूहळू उपसायचं, थांबायचं, पुन्हा भरलं की उपसायचं. एक हंडा भरायला किती वेळ लागतो ते मला ठाऊक नव्हतं. मी सरपंच होतो आणि जन्मभर ते पाणी प्यायलो होतो, पण झिऱ्यावर कधी बसलो नव्हतो. पुरुष माणूस तिथे जात नसे.

त्या वर्षी वाळूचा लिलाव झाला आणि जळगावकडच्या एका ठेकेदाराने तो घेतला. वाळू सरकारची होती, पण नदीत उतरणारी गाडवाट ग्रामपंचायतीची. ट्रॅक्टर आणायचे तर त्याला गावाशी बोलणं भाग होतं. त्याचा मुकादम आला, गोड बोलणारा, पांढरे बूट घालणारा माणूस. चावडीवर आम्ही दहाबारा पुरुष बसलो. चहा झाला, सुपारी झाली, वाटेचं जवळजवळ ठरलंच. कोणाच्या मनात आणखी काही विचारायचं आलं नाही.

त्याच सकाळी त्याच्या माणसांनी नदीत चुन्याच्या रेघा मारल्या होत्या. आम्हाला ते माहीत नव्हतं, पण बायांनी पाहिलं होतं.

तू त्यांना घेऊन चावडीवर आलीस. तीसेक बाया असतील. रिकामे हंडे चावडीपुढे एका ओळीत मांडलेत आणि भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिलात. माझी बायको तुझ्या शेजारी होती. तिला तू अक्का म्हणायचीस, तेच मी इथे म्हणतो. पदराआडून तुझा आवाज आला. "अक्का, त्यासले सांगा, चुनानी रेघ आमना झिरावर पडेल शे. आम्ही उद्या पानी कथाईन आनूत?"

मी दहा हातांवर होतो, सगळं ऐकू आलं होतं. तरी अक्का वळली आणि तिने ते मला पुन्हा सांगितलं. मी अक्काला सांगितलं की बघतो, आणि अक्काने ते तुला सांगितलं. मुकादमाला हसू आवरेना. तो म्हणाला, "वहिनी, सरपंच इथेच बसलेत. त्यांनाच विचारा ना थेट."

तू त्याच्याकडे सरळ वळलीस. "त्या मना जेठ शेत. तुम्ही मना जेठ नही. तुमनासंगे बोलाले माले मनाई नही."

आणि बोललीस. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की तुला बोलता येतं. तू माझ्या घरात वीस वर्षं होतीस.

दुसऱ्या दिवशी तुम्ही मुकादमाला नदीत नेलंत, म्हणून मलाही जावं लागलं. झिऱ्याच्या वरच्या अंगाला तू त्याला खाली बसायला लावलंस. "हात घाला. कोपरलोंग घाला." त्याने बाही सरसावली, वाळू उकरली, आणि कोपरापर्यंत हात जाताच वाळू ओली लागली. मग खालच्या अंगाला नेलंस. तिथे त्याचा हात खांद्यापर्यंत गेला तरी वाळू कोरडीच. बाया हसत होत्या. म्हाताऱ्या तुळसाबाई म्हणाल्या, "बूट काढी टाका, मुकादम. पाय बी घालीसन दखा." त्याने खरोखर बूट काढले.

तुझं म्हणणं एवढंच होतं की झिऱ्याचं पाणी वरून येतं. वरची वाळू काढली तर झिरा मरतो, खालची काढली तर थोडं चालतं. खळ्यात आपला मोटेचा जुना दोर पडला होता, विहिरीवर मोटर बसल्यापासून कोणी हात न लावलेला. तो तू मापाला घेऊन आली होतीस. दोन बायांनी तो धरला आणि तू जागा दाखवल्यास. झिऱ्यांपासून दोन दोर वरच्या अंगाला आणि एक दोर खालच्या अंगाला, एवढ्यात फावडं लावायचं नाही.

मी तिथे वाद घातला. अक्काच्या तोंडून तुला सांगितलं की दोन्हीकडे सारखं ठेवू, दीड दीड दोर, कागदावर नीट दिसेल.

तू वाळूकडे पाहतच म्हणालीस, "अक्का, त्यासले सांगा, पानी वरथून येस. कागदमाईन नही येस."

नदीत असा हशा पिकला की माझे स्वतःचे मेंबर हसले. कोणीतरी म्हणालं, "नाना, तुमनी भावजय तं वकील शे." मीही हसलो. पण ते वाक्य माझ्या अंगात रुतून बसलं. ते खरं होतं म्हणून रुतलं, आणि माझ्याच घरातल्या बाईने ते सगळ्यांसमोर म्हटलं म्हणून जास्त रुतलं. पुढे जे झालं त्याची कारणं मी स्वतःला पुष्कळ सांगितली आहेत. हे कारण आज पहिल्यांदा लिहितो.

बोलणी चार वेळा झाली. तुझ्या हट्टाने ती नदीकाठच्या बाभळीखाली झाली, सकाळचं पाणी भरून झाल्यावर. पाच बाया बसायच्या, तू त्यांच्या पुढे. मुकादमाशी तू थेट बोलायचीस आणि माझ्याशी अक्कामार्फत. एकदा तो वैतागून म्हणाला, "नाना, तुमच्या गावात एक वाक्य तीनदा ऐकावं लागतं." तेव्हा अक्का म्हणाली, "बरं शे ना. विसरनार नहीत तुम्ही."

सकाळी बाया पाणी भरून परतल्याशिवाय ट्रॅक्टर नदीत उतरणार नाही. गुरांच्या उताराला धक्का लागणार नाही. गाडवाटेवर पडलेले खड्डे ठेकेदार भरेल. आणि दोन दोर वर, एक दोर खाली. मुकादमाने सगळ्याला मान हलवली. गावातल्या कुठल्याही पुरुषाने यापेक्षा चांगला सौदा केला नसता. आम्ही तर तो करायलाही बसलो नव्हतो. हे मी तेव्हा तुला सांगायला हवं होतं. निदान अक्काला तरी सांगायचं, तिने पोचवलं असतं.

कागद करायच्या दोन दिवस आधी मुकादम मला भडगावच्या बाजारात भेटला. भेटला म्हणण्यापेक्षा माझी वाटच पाहत होता. म्हणाला, "नाना, बाकी सगळं मान्य. ते दोराचं तेवढं कागदावर नको. उद्या प्रत्येक गाव दोर घेऊन उभं राहील. शेठ शब्द देतायत की तिथे हात लावणार नाही. तुमचा आमच्या शब्दावर विश्वास नाही का?"

मग तो म्हणाला, "शाळेच्या दोन खोल्या शेठ बांधून देतील. दिवाळीच्या आत. दगडावर तुमचं नाव."

आपली मुलं तेव्हा मारुतीच्या देवळात बसून शिकत होती. चौथीचा वर्ग चालू असताना घंटा वाजवायला लोक यायचे. खोल्या हव्या होत्या, हे खोटं नव्हतं. पण मुकादमाने जर म्हटलं असतं, खोल्या देतो, दगड मात्र लावायचा नाही, तर मी काय केलं असतं? हा प्रश्न मी स्वतःला किती वर्षं विचारतो आहे. उत्तर मला माहीत आहे, म्हणूनच पुन्हा पुन्हा विचारत असेन.

कागद मी माझ्या हाताने लिहिला. माझं अक्षर चांगलं होतं, तालुक्याला नाव होतं त्याचं. ट्रॅक्टरची वेळ लिहिली, गुरांचा उतार लिहिला, वाटेचे खड्डे लिहिले. खोल्यांचं लिहिलं. दोराचं लिहिलं नाही. दोन कलमांच्या मधे जागा सोडावी असं एकदा वाटलं, मग तीही सोडली नाही.

सह्या चावडीच्या ओट्यावर झाल्या. आधी पुरुषांच्या झाल्या, मग बायांच्या. बाकीच्या चौघींनी अंगठे दिले. तू पारोळ्याला सातवीपर्यंत शिकलेली. तो कागद वाचायला तुला तेवढा वेळही लागला नसता जेवढा पेनाचं टोपण शोधायला लागला. पण कागद माझ्याजवळ होता. मी तो ओट्यावर ठेवला, वाऱ्याने उडू नये म्हणून वर दगड ठेवला, आणि रीतीप्रमाणे मागे सरलो. तू रीतीप्रमाणे पुढे आलीस. जेठासमोर ओट्यावर बसून त्याच्या हातचा कागद ओळ न ओळ वाचायचा, म्हणजे चारचौघांत त्याला खोटं म्हणायचं. दुसऱ्या कुठल्या गावात, दुसऱ्या कुठल्या घरात बाईने वाचला असता. आपल्या घरात ते झालं नाही, आणि होणार नाही हे मला ठाऊक होतं. मी त्यावरच भरवसा ठेवला होता.

तू पेन घेतलंस. मग थांबलीस. पदर कपाळावर सरकवलास आणि माझ्याकडे पाहिलंस. अक्काकडे वळली नाहीस.

"दोन दोरनं लिखेल शे का?"

मुकादम आपल्या बुटांकडे पाहू लागला. तू माझ्याशी बोलली होतीस.

मी म्हणालो, "शे."

एवढंच. त्या एका शब्दाएवढं मी तुझ्याशी बोललो आहे. त्याआधी काही नाही, त्यानंतर काही नाही. तू पदर पुढे ओढलास आणि सही केलीस. विमल भ्रतार नथू. 'म' थोडा मोठा आला होता.

पहिलं वर्ष ठीक गेलं. खोल्या झाल्या, दगड लागला, माझ्या नावावर गुलाल पडला. मला वाटू लागलं होतं की शब्द पुरतो. दुसऱ्या उन्हाळ्यात ट्रॅक्टर वळणाकडे आले.

मी त्या दिवशी भडगावला गेलो होतो. काम काही नव्हतं. आदल्या दिवशी फावडी वळणाकडे सरकताना दिसली होती म्हणून गेलो. इथे तू बायांना घेऊन वाळूत उभी राहिलीस. मुकादमाने खिशातून कागदाची नक्कल काढली आणि मोठ्याने वाचली. अक्काने मला हे नंतर सांगितलं. "यात दोर कुठे आहे, वहिनी? दाखवा." मग शेवटचं पान काढून म्हणाला, "ही सही कोणाची?"

बायांनी कागदाकडे पाहिलं नाही. तुझ्याकडे पाहिलं.

मी दुपारी परतलो तेव्हा त्या आपल्या अंगणात होत्या. मी मागच्या दाराने आत आलो आणि कोठीच्या खोलीत बसलो. मधे एक भिंत होती. तुळसाबाईंचा आवाज आला. "शिकेल शे म्हनीसन आम्ही तुले पुढे करी. तूच बुडाडं आमले."

तू एक वाक्य बोलू शकली असतीस. जेठजींना विचारलं होतं, सगळ्यांसमोर विचारलं होतं, त्यांनी शे म्हटलं. चावडीवर असलेल्या माणसांनी ते ऐकलंही होतं. पण ते सगळे माझे मेंबर, माझे भाऊबंद, आणि पुन्हा सांगायला कोणी पुढे आलं नाही. चौघी अंगठेवाल्या सहीच्या दिवशी जरा लांब उभ्या होत्या, त्यांनी काय ऐकलं कोण जाणे.

तू म्हणालीस, "मीच वाचं नही. मनीच चूक शे."

भिंतीच्या अलीकडे मी बसून होतो. उठलो नाही. गुडघे तेव्हा चांगले होते.

मी मुकादमाला एकदा गाठलं, ते खरं आहे. तो म्हणाला, "शेठने शब्द दिला होता, नाना, आणि शेठ आता दुसऱ्या कामावर आहेत. कागदावर असतं तर गोष्ट वेगळी. पण कागद तुम्हीच लिहिलाय." त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तो मला आठवण करून देत होता, बस.

झिरे त्या उन्हाळ्यात गढूळ झाले आणि पुढच्या उन्हाळ्यात नव्हतेच. बाया वरच्या शिवारातल्या विहिरीवर जाऊ लागल्या. पाऊण तास जायला, भरल्या हंड्याने त्याहून जास्त यायला. तूही जायचीस. इतर बाया घोळक्याने जायच्या आणि तू त्यांच्या मागून काही अंतर ठेवून. मी ओट्यावरून पाहायचो. सुरुवातीला मला वाटायचं तूच मागे राहतेस. मग लक्षात आलं की तू पावलं उचललीस की त्याही उचलतात.

अक्काने मला एकदाच विचारलं. "तिनं तुमनं झाकं. तुम्ही कवय उघाडशात?" मी तिला म्हणालो, तूच सांग तिला की माझं चुकलं. आपल्या घरातले सगळे निरोप तिनेच नेले होते, भाजीत मीठ कमी आहे इथपासून नथूला शेतात पाठव इथपर्यंत. ती म्हणाली, "जनमभर तुमना निरोप मी सांगात. हाऊ एक मी सांगनार नही." आणि खरंच सांगितला नाही.

मग कायदा आला, पंचायतीत बायांना जागा राखीव झाल्या. चावडीवर बैठक बसली, नाव सुचवा म्हणून. मागून कोणीतरी तुझं नाव घेतलं. दुसरं कोणी म्हणालं, "वाळूना कागदवर सही करनारी का?" थोडं हसू झालं. नथू माझ्या समोरच बसला होता. माझा भाऊ, तुझा नवरा. सही झाली त्या दिवशी तो शेतात होता. त्याने मला कधी काही विचारलं नाही, त्या दिवशीही नाही. फक्त माझ्याकडे पाहिलं. मी चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्याने पुसत बसलो. तो पुसून होईपर्यंत दुसरं नाव निघालं होतं.

त्या जागेवर तू काय केलं असतंस, मी पुष्कळदा मनात आणतो. बहुतेक मला प्रत्येक बैठकीत खाली पाहायला लावलं असतंस, आणि अक्काला आणून शेजारी बसवलं असतंस. गावाला नळ चार वर्षं आधी आला असता. आता आला आहे, आठवड्यातून दोनदा, आणि तोही बोटाएवढा.

अक्का गेली त्याला तीन वर्षं झाली. ती गेली आणि आपल्या घरातली बोलण्याची वाट बंद झाली. तरी माझं ताट कधी चुकलं नाही. कळण्याची भाकरी, लसणाचा ठेचा, वर तव्यावर शेकलेली मिरची, कारण मला ती लागते हे तुला अक्काने कधीतरी सांगितलं असणार. ताट उंबऱ्यावर ठेवायचीस आणि तांब्या चौकटीवर दोनदा वाजवायचीस. टक टक, म्हणजे जेवण तयार आहे. एकदा मला ताप होता, मी उठलो नाही. तू तिसऱ्यांदा वाजवलंस, चौथ्यांदा वाजवलंस, मग पळत जाऊन नथूला शेतातून घेऊन आलीस. ज्या माणसाने तुझं नाव बुडवलं त्याची भाकरी तू तीन वर्षं थापलीस आणि एकदाही करपू दिली नाहीस. मी ती खात होतो. तिला चव होती, हेही सांगतो.

पाचोऱ्याच्या दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात मी दोनदा आलो. दुसऱ्या खेपेला नथू औषध आणायला खाली गेला आणि खोलीत आपण दोघंच उरलो. असं कधी झालं नव्हतं. हाताला सलाईन होतं, तरी दुसऱ्या हाताने तू पदर पुढे ओढलास. मी खिडकीकडे तोंड करून बसलो. मनात एकच होतं की आता सांगावं. कसं सुरू करावं ते जुळेना.

तेवढ्यात तूच बोललीस. भिंतीकडे पाहून म्हणालीस, "अक्का, त्यासले सांगा, घर जा म्हना. ऊन व्हई ऱ्हायनं."

अक्का तिथे असल्यासारखं म्हणालीस. मला वाटलं तापात बोलतेस. मग वाटलं, नाही. तू माझ्यासाठी वाट काढून दिली होतीस. मीही भिंतीकडे पाहून म्हणू शकलो असतो, अक्का, तिला सांग, त्या दिवशी कागदात ते नव्हतं आणि मला माहीत होतं. रीतही मोडली नसती.

मी म्हणालो, "जातो." तेही कोणाला म्हणालो, कळलं नाही. छत्री घेतली आणि एसटी स्टँडवर आलो. चौथ्या दिवशी तू गेलीस.

तू मला माफ केलं होतंस का, हे मी विचारणार नाही. विचारायची वेळ होती तेव्हा मी चष्मा पुसत होतो. आणि तुला तर सगळं ठाऊकच होतं, वाळूत मुकादमाने कागद वाचला तेव्हापासून. तेव्हा हे लिहितो ते तुला सांगायला नाही. उद्या मांडवात तुळसाबाई बसलेल्या असतील. त्यांना आता ऐकू कमी येतं, त्यांना पुढे बसवायला सांगितलं आहे. त्या चौघींपैकी दोघी आहेत. माझे जुने मेंबर आहेत. नथू आहे. कोणाला जेवणावरून उठून जायचं असेल तर जावं, मी वाईट वाटून घेणार नाही. शाळेचा दगडही काढायचा असेल तर काढावा. खोल्या राहू द्याव्यात, मुलं बसतात.

वाचून झाल्यावर हा कागद तुझ्या फोटोपुढे ओट्यावर ठेवीन, वर दगड ठेवीन आणि मागे सरेन. ज्यांना वाचता येतं त्यांनी तो ओळ न ओळ वाचावा.

तू मला एकदाच विचारलं होतंस, दोन दोरनं लिखेल शे का.

नही शे, विमल. मी लिहिलं नव्हतं. आज लिहितो.

कलम: नदीच्या वळणावर गावच्या बाया पिण्याचं पाणी भरतात त्या झिऱ्यांपासून वरच्या अंगाला दोन दोर आणि खालच्या अंगाला एक दोर, एवढ्या जागेतली वाळू कोणीही काढणार नाही. हे गावाच्या वतीने विमल भ्रतार नथू हिने ठरवलं. पाणी वरून येतं, हे तिने सांगितलं.